काळी रिंग

"रविवारपर्यंत हे थांबलं नाही, तर गच्चीवरची अँटेना उतरवा," सोसायटीने मला बजावलं होतं. मी हॅम रेडिओवर दूरदेशीच्या हौशी मंडळींशी बोलू लागलो की खालच्या बोडसबाईंच्या टीव्हीतून माझाच आवाज यायचा.

तो अडवायला अँटेनाच्या केबलवर रिंग होती, पण जुन्या कॉम्प्युटरमधली पिवळी, लोखंडाच्या भुकटीची; ती या कामाची नव्हे. रिंग ती रिंग, असं म्हणून मीच बसवलेली! शनिवारी असा आवाज अडवणारी काळी, फेराइटची आणली, तिच्यातून केबलचे बारा वेढे घेतले आणि तासभर कोलंबोशी बोललो. खालून ओरडा आला नाही.

सुटलो म्हणतोय, तोच दार धडाधडा वाजलं. बोडसबाई धापा टाकत उभ्या होत्या.

"अहो, आज तुमचा आवाजच नाही! एकटे राहता, म्हणून धावतच वर आले. बरे आहात ना?"