डावीकडची सही

"हे पटवायचंय कोणाला?" मॅडमनी लाल पेन कागदावर आपटत विचारलं.

"आजोबांना," वकीलबाई म्हणाली.

वर्गाने तिला हे नाव पहिल्याच आठवड्यात ठेवलं होतं, कारण ती हजेरी देतानासुद्धा मुद्दा मांडायची. विषय होता युक्तिवाद आणि संशोधन-लेखन. त्यात पास व्हायची अट एकच होती, पण खाष्ट होती. ज्याचं मत बदलायचंय असा एक खराखुरा माणूस निवडायचा, त्याच्यासाठी निबंध लिहायचा आणि शेवटच्या पानावर डावीकडे, 'मला पटलं' या शब्दांखाली, त्याची सही आणायची. उजवीकडे परीक्षक म्हणून मॅडम सही करत. डावी जागा रिकामी असली की उजवीही रिकामीच राहायची, मग भाषा कितीही फुलवलेली असो.

"करतात काय आजोबा?"

"शिंपी. चष्मा लागला, पण लावेनात. काजाचे टाके वाकडे, गिऱ्हाईक तुटायला लागलेलं. सगळे सांगून थकले. पालथ्या घड्यावर पाणी."

"घड्याला नावं ठेवू नकोस. ओतणाऱ्याला धार धरता आली पाहिजे."

मॅडमच्या वर्गाला कडक शिस्त होती. कागद उडतात म्हणून पंखा बंद, खिडकीही बंद. शंका चिठ्ठीवर लिहून द्यायची, कारण तोंडी वादाचं भांडण व्हायला वेळ लागत नाही. बोलायचंच असेल तर पुढच्या बाकावर येऊन, मान वर करून, त्यांच्याकडे बघून. "खाली बघून बोलणाऱ्याच्या मुद्द्यात दम नसतो," त्या म्हणत. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं, आणि त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं कुठेही गेली तरी कोणाला हार जात नसत.

या सत्रात मात्र मागच्या बाकांवरून तक्रार गेली. मॅडम गर्विष्ठ आहेत, कोणी काही विचारलं तर लक्ष न देता सरळ पुढे जातात. विभागप्रमुखांनी पत्र काढलं की हे थांबलं नाही तर पुढच्या सत्रापासून विषय दुसऱ्याकडे जाईल. पत्र मॅडमच्या हाती पडायच्या आधी वर्गाला पाठ झालं होतं.

"कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही," मॅडम म्हणाल्या आणि खडू उचलला. पण हा विषय त्यांनी शून्यातून उभा केला होता. तो गेला तर आपण कशासाठी उठायचं, याची त्यांना मनापासून भीती वाटत होती.

वकीलबाईने त्या तक्रारीवर सही केली नव्हती. घरी चार मोठे भाऊ. तिचं वाक्य तिथे कधी पुरं होत नसे. मॅडमसमोर बसल्यावर ते पहिल्यांदा पूर्णविरामापर्यंत पोचलं होतं. हे ऋण ती विसरणार नव्हती.

पहिला मसुदा मॅडमनी परत केला. "'सगळे म्हणतात' म्हणजे कोण? जाऊन विचार, मोज."

"तेवीस शिंप्यांना भेटून आले," तिने येऊन सांगितलं. "चष्मा लावल्यामुळे गिऱ्हाईक गेल्याचं एकानेही सांगितलं नाही."

दुसऱ्या मसुद्यावर मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या. "विरोधी बाजू इतकी लंगडी? म्हाताऱ्याच्या मनात शिर जरा."

"तुम्हीच शिरून दाखवा ना."

मॅडमनी समासात एका दमात लिहिलं. 'लोक म्हणतील, हा संपला. एकदा लावला की सुटायचा नाही. आणि अजून तसं काही अडत नाही, मी माझ्या युक्त्या केल्यात.'

वकीलबाईने शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. "युक्त्या कसल्या, मॅडम?"

"असतात. उजेडाच्या बाजूला बसायचं, सुई दुसऱ्याकडून ओवून घ्यायची. हट्टी माणसं खूप पाहिलीत मी."

"मग याला उत्तर काय द्यायचं?"

मॅडमनी आधीच्या ओळी पुन्हा वाचल्या. मग त्यांनी त्याखाली लिहिलं, 'युक्त्यांचा त्रास तुम्हाला होत नाही. तो समोरच्याला होतो, आणि त्याला कारणही कळत नाही. कारण कळलं तर लोक सांभाळून घेतात.'

स्वतःचंच वाक्य वाचून त्यांचा चेहरा खुलला. "आता बघू म्हातारा कुठे पळतो."

निबंध द्यायच्या शेवटच्या दिवशी मॅडम कपाट लावत होत्या. वकीलबाईने दारातून दोनदा हाक मारली, मग सरळ आत येऊन समोर बसली. मॅडमनी तिच्या हातून निबंध घेतला आणि सवयीप्रमाणे आधी शेवटचं पान उघडलं.

"डावीकडे सही नाही." त्यांना खरंच वाईट वाटलं. "आजोबा ऐकेनात?"

"आजोबा मी सातवीत असतानाच चष्मा लावायला लागले," मान वर करून, एकेक शब्द सुटा करत वकीलबाई म्हणाली. "तुम्ही पहिल्या पानापासून वाचा, मॅडम."

मॅडम वाचू लागल्या. वाक्यं ओळखीची होती, अर्धीअधिक त्यांचीच. शिंपी मात्र कुठे नव्हता, चष्माही नव्हता. आकडे तेवीस शिक्षकांचे होते आणि मथळा होता 'शिकवणाऱ्याने श्रवणयंत्र का लावावं'. त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, लाल पेन बाजूला ठेवलं, वकीलबाईचं निळं पेन मागून घेतलं आणि डावीकडे सही केली.