थोरली उंदीरकानी

“तिमकाका, इंजिन बंद करा,” कुंग म्हणाली.

होडीनं नुकताच विहाराचा घाट सोडला होता. कुंगच्या मांडीवर वडिलांची राख होती, पांढऱ्या कापडात बांधलेली. ती नदीत सोडण्यासाठी आत्यानं बँकॉकहून केळीच्या पानांचं तबक करून आणलं होतं. मध्ये चमेली, आणि कडेनं हिरव्या पानांची दाट झालर. कुंगची नजर त्या झालरीवर अडकली.

तिनं पर्समधून वडिलांचं भिंग काढलं.

“बापाची राख मांडीवर आणि ही पाला तपासतेय,” तिमकाका होडीत बसलेल्या भन्तेंना म्हणाला. “अगं, आपली साधी उंदीरकानी असेल.”

पानावर बारीक केस होते. साध्या उंदीरकानीचे केस टोकाला सुटे असतात. यांची टोकं जुळलेली होती, अंडी फेटायच्या तारेसारखी. ही थोरली उंदीरकानी, पाण्यावर पसरणारं तण. हिचा एक तुकडा पडला की थोड्याच दिवसांत पाणी दिसेनासं होतं आणि खाली मासे गुदमरतात. नदीचा हा फाटा कुंगच्या बापानं, विचियाननं, एकट्यानं उपसून मोकळा केला होता. पोती भरून घरी न्यायचा, अंगणात वाळवायचा, जाळायचा. बायकोपेक्षा याला पाला प्यारा, असं गाव म्हणायचं. मदतीला हाक मारली की सगळ्यांची कंबर दुखायची. तिमकाकाची तर हाक मारायच्या आधीच.

कुंग झालर ओरबाडून पिशवीत भरू लागली.

“अगं, मुहूर्त टळेल!” आत्या कळवळली. “आणि ती का तोडतेस? अख्खा फुलबाजार पालथा घातला मी तिच्यासाठी. विचियानला केवढी आवडायची!”

“बाबांना?”

“मी कधीही येवो, हा आपला पाण्यात, तिच्यापाशी. भिंग लावून बघत बसायचा. पोती भरभरून घरी आणायचा. ताटातला भात गार व्हायचा. आवडल्याशिवाय कोण करतं एवढं?”

“आत्या, ते तिला मारायला जायचे.”

भन्तेंनी पंखा तोंडासमोर धरला. पंखा हलत होता. कुंगलाही हसू आवरेना. वडील गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती, इतकी की नाक पुसावं लागलं.

आत्या हसली नाही.

“कुंग,” ती हळूच म्हणाली, “उरलेली टोपलीभर मी सकाळी घाटाखाली सोडली. म्हटलं, त्याला वाटेत सोबत होईल.”

कुंगचं हसू विरलं. तिनं मागे वळून पाहिलं. घाटाच्या पायऱ्यांपाशी हिरवे पुंजके तरंगत होते. होडीच्या लाटांनी त्यातले काही लव्हाळ्याकडे सरकत होते.

तिमकाकानं ते पाहिलं. मग राखेकडे पाहिलं. मग शर्ट काढला आणि पाण्यात उतरला.

“उभे काय राहिलात बगळ्यांसारखे?” घाटावरच्या काळ्या कपड्यांतल्या मंडळींवर तो ओरडला. “या खाली!”

मंडळी आली. होडीही परत पायरीला लागली. कुणी विहाराच्या स्वयंपाकघरातून चाळण्या आणल्या, कुणी मच्छरदाणी. भन्ते पोतं उघडं धरून पायरीवर बसले. आत्या गुडघाभर पाण्यात उभी राहून प्रत्येक पान उंच करून विचारत होती, “ही का गं ती मेली?” कुंग भिंग लावून सांगत होती. राखेचं गाठोडं तिनं होडीच्या टोकावर ठेवलं होतं, सगळं दिसेल असं. मुहूर्त कधीच टळला होता. विचियान जिवंत असताना त्याच्या हाकेला इतकी माणसं एकदाही आली नव्हती.

दुपार कलल्यावर तिमकाका कंबरेवर हात ठेवून उभा राहिला आणि गाठोड्याकडे बघून ओरडला, “मोडली माझी कंबर! झालं समाधान?”

कुंगनं लव्हाळ्याकडे बोट दाखवलं.

“बाबा म्हणतायत, तिथं एक राहिलंय.”