ऑगस्टची चकती

आमच्या कोय्हाइके गावात लाकडाची जुनी चूल जमा केली की सरकार भुशाच्या गोळ्यांवर चालणारी शेगडी देतं. आमची शेगडी आली तेव्हा माझ्या बायकोला, एदेल्मिराला, जाऊन नऊ महिने झाले होते.

माझ्या छपरावर हवा ओढणारं यंत्र बसवलंय. प्रयोगशाळेतली रायेन दर सोमवारी त्यातली गाळणकागदाची चकती बदलायला येते. परवा आली ती खुशीतच.

"ताता, लाकूड जळलं की धुरात एक साखर उतरते. यंदा ती निम्मी झालीय!"

"धुरात साखर? आणि मी खुळा, चहात घालायला दुकानातून आणत बसलो."

ती हसली. मग मी विचारलं, "पोरी, गेल्या ऑगस्टची चकती आहे का गं? एदेल्मिराला धाप लागली, त्या आठवड्याची. मी लाकूड उशिरा घेतलं होतं. ओलंच जाळलं. त्यात माझा धूर किती, ते कळेल?"

तिने हातातला चिमटा खाली ठेवला.

"मी स्वतः तपासलीय ती, ताता. त्या आठवड्यात वारा नदीकडे वाहत होता. तुमचा धूर सगळा तिकडे गेला."

"असं होय," मी म्हणालो आणि तिच्यासाठी चहाचं पाणी ठेवलं.

ऑगस्टमध्ये, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, खोऱ्यात पानसुद्धा हलत नाही. गावाचा धूर आठवडेच्या आठवडे छपरांवर बसून राहतो. तोच मोजायला तर ही पोर इथे आली.