ने, रे, वा

"पुन्हा," असं म्हणत मॅडमनी तेच कार्ड आजोबांसमोर धरलं.

आजोबांनी कार्डाकडे पाहिलं. बोट हवेत उचलून काहीतरी गिरवायला घेतलं आणि मध्येच थांबले. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"ने," ते म्हणाले.

"चूक. हे रे आहे."

"रे." र आणि ल यांच्या मधला, जीभ जेमतेम टेकवून काढायचा तो आवाज त्यांनी हुबेहूब मॅडमसारखा काढला.

"ऐकून म्हणू नका. बघून म्हणा."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. आजोबांच्या शेजारी बसलेल्या कंडक्टरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कंडक्टरबाई हे त्यांचं वर्गातलं नाव. निम्मं आयुष्य शहर बसमध्ये उभ्यानं काढून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. लेकीनं जपानी मुलाशी संसार थाटला होता आणि विहीणबाईंसमोर नुसतं हसून किती दिवस भागवणार, म्हणून त्यांनी जपानीच्या या वर्गात नाव घातलं होतं. मुळाक्षरांपाशीच त्यांची दमछाक होत होती. 'फु' म्हणायला जावं तर मेणबत्ती विझवल्यासारखी फुंकर निघायची. आणि ने, रे, वा या तर सख्ख्या बहिणी. डावीकडे सारखीच उभी काठी, सारखंच नागमोडी वळण, फरक काय तो शेपटीत. नेच्या शेपटीला गाठ, रेची बाहेर उडालेली, वाची आत वळलेली. पण बाई चुकल्या की मॅडम हसून पुढे जायच्या. आजोबा चुकले की मात्र सोडायच्या नाहीत.

आणि चुकणार नाही तर काय? आजोबांना वाचताच येत नव्हतं. जपानी सोडाच, कुठलंच अक्षर येत नव्हतं. हे गुपित बाईंनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. समोर बस उभी, तिच्या कपाळावर हातभर अक्षरांत पाटी, आजोबांच्या नाकावर चष्मा, आणि तरी ते विचारत होते, "ही कुठं जाते हो?"

अशी माणसं बाईंनी जन्मभर पाहिली होती. त्यांना चारचौघांत काही विचारायचं नसतं, हळूच हाताला धरून बसमध्ये चढवायचं असतं. बाईंनी तेच केलं. आजोबांचा उजवीकडचा अंदाजही जरा चुकायचा, दाराला खांदा घासायचा. त्यामुळे बाई त्यांच्या उजव्या बाजूनं चालायला लागल्या.

"आजोबा, या वयात हे जपानी कशाला काढलंत?" एकदा त्यांनी विचारलं होतं.

"वाचायचंय," आजोबा म्हणाले. "मरायच्या आत वाचायचंय."

बाईंना गलबलून आलं. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस म्हातारपणी अक्षरं शिकायला येतो, आणि ही काल शिकून आज शिकवायला लागलेली पोरगी त्याला भर वर्गात घाम फोडते! शिक्षण डोक्यात गेलं की माणूस माणसाला ओळखेनासा होतो, असं त्या घरी तावातावानं बोलायच्या. नवरा निमूटपणे मान हलवायचा.

"शेवटचं कार्ड," मॅडम म्हणाल्या. "मागच्या दोन वेळा ही तीन अक्षरं तुम्हाला आली नाहीत. आज नाही आली तर वर्ग सोडावा लागेल. नियम माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे," आजोबा पुटपुटले.

कार्ड वर झालं. शेपटी आत वळलेली होती. बाईंनी तोंडावर रुमाल धरला आणि हळूच कुजबुजल्या, "वा."

"सांगू नका, बाई," आजोबा एकदम कडक आवाजात म्हणाले.

भीतीनं पार खचलाय बिचारा, बाईंच्या मनात आलं.

आजोबांचं बोट पुन्हा हवेत उठलं. काठी झाली, वळण झालं. शेपटीपाशी बोट अडलं आणि खाली आलं.

"नाही येत," ते म्हणाले.

मॅडमनी कार्ड खाली ठेवलं. "मग उद्यापासून तुम्ही येऊ नका."

आजोबा बाक धरून उठू लागले. बाईंनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. बसच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा आवाज त्यांनी लावला.

"ते कुठंही जाणार नाहीत! लाज वाटत नाही का हो तुम्हाला? तुमच्या आजोबांच्या वयाचा माणूस आहे. आम्ही चुकलो की हसता आणि यांच्या मात्र हात धुऊन मागे लागता. गरीब दिसतो म्हणून? उलट बोलत नाही म्हणून?"

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाई, नियम सगळ्यांना सारखाच…"

"खड्ड्यात गेला तुमचा नियम! बसमध्येसुद्धा म्हाताऱ्या माणसाला आम्ही असं उतरवत नाही. कुणी केला हा नियम? इतका निर्दयी माणूस आहे तरी कोण? आणा त्याला माझ्यासमोर, चांगला फैलावर घेते!"

"बाई, बसा," आजोबा त्यांचा पदर ओढत म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा, आजोबा. आज मी त्या माणसाला बघितल्याशिवाय जायची नाही."

मॅडमनी टेबलाचा आधार घेतला. डोळे भरून वाहायला लागले तरी त्यांनी ते पुसले नाहीत.

"ते तुमच्या शेजारीच बसलेत, बाई," त्या म्हणाल्या. "मेंदूला झटका आला आणि सरांची सगळी अक्षरं गेली. मला ही अक्षरं त्यांनीच शिकवली, याच वर्गात, आणि आता विद्यार्थी म्हणून इथं बसताना त्यांना सूट न देण्याची शपथ मला घालून बसलेत."