मानेवरचा काळा पट्टा

“हा मळ नाही ताई, यांची साखर तपासून घ्या,” बाळाला लस टोचताना नर्स माझ्या नवऱ्याच्या काळवंडलेल्या मानेकडे बघून म्हणाली होती. आम्ही हसण्यावारी नेलं.

पाडव्याला मी उटणं लावून त्याची मान खसाखसा घासली. “अगं, थोडं कातडं ठेव,” तो म्हणाला.

आज तीन वर्षांनी तो वॉर्डात आहे. “शरीर इन्सुलिनला दाद देत नव्हतं, मान त्यानेच काळवंडली; साखर वाढून रक्तवाहिन्या आतून कडक होत गेल्या,” डॉक्टर म्हणाले. “पायापर्यंत रक्त पोचत नाहीये, तो वाचेलच असं नाही.”

मी तो गार पाय ओंजळीत धरून बसलेय. लेक तळव्याला गुदगुल्या करते. “आई, बाबा हसत का नाही?”

तुमच्या घरात कुणाची मान अशी काळवंडलीय का, आज उजेडात बघा. घासू नका.