मुठीचं माप

"मनगट सैल सोडा," गेणबा म्हणाला. "तुमी लई आवळून धरताय."

राजेश्वरीनं मनगट सैल सोडलं. पोटच्या पोरीला 'तुमी' म्हणणारा बाप अख्ख्या कऱ्हाटीत दुसरा नसेल. नऊ वर्षांपूर्वी तिनं निमगाव केतकीच्या सिद्धूशी स्वतःच्या मनानं लग्न लावलं, तेव्हा "या घराची पायरी चढायची न्हाय," असं तो बोलून बसला होता. बोललेला शब्द मागं घेणं त्याच्या रक्तातच नव्हतं. ती आली नाही, त्यानं बोलावलं नाही. तिची आई, दगडाबाई, रोज लेकीशी फोनवर बोलायची आणि गेणबा शेजारी बसून रोज बहिऱ्याचं सोंग घ्यायचा.

महिन्यापूर्वी मात्र ती आली. घरात नाही, तो नेमबाजांच्या पिस्तुलांचं काम करायचा त्या रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडात, गिऱ्हाईक म्हणून. काखेत पेटी होती. पेटीत नेमबाजीच्या सामन्यातलं, हवेवर चालणारं पिस्तूल. दिल्लीच्या कुणा धिप्पाड नेमबाजाचं जुनं, त्यामुळे त्याची मूठ पैलवानाच्या पंजाची. "मूठ माझ्या हाताची करायचीय, आबा," ती म्हणाली. "नळीला पुढं कॉम्पेन्सेटर, आन् सरावापुरता वर रेड डॉट." आबा म्हणाली खरं, पण त्याला पुण्या-कोल्हापूरची सगळीच गिऱ्हाइकं आबा म्हणत. त्यात धरून बसण्यासारखं काही नव्हतं. तो तरीही धरून बसला.

कागदावर गिऱ्हाइकाचा पंजा ठेवायचा आणि भोवतीनं पेन्सिल फिरवायची, ही त्याची माप घ्यायची रीत. पेन्सिल तो स्वतःच फिरवायचा, दुसऱ्याचा भरवसा नाही. त्या दिवशी त्यानं ती तिच्या हातात दिली आणि लेथकडं तोंड करून उभा राहिला.

पुढचा महिनाभर त्याची सोबत त्या कागदाशीच होती. शिसवाचं लाकूड घासायचं, कागदावर ठेवून बघायचं, पुन्हा घासायचं. ती शाळेत असताना तिची पहिली मूठही त्यानंच कोरली होती, तेव्हा पंजा केवढासा होता! आता बोटं जाड झाली होती. कशानं झाली, हे विचारायची सोय नव्हती. कॉम्पेन्सेटर त्यानं तीनदा कातला. त्याच्या भोकांतून हवा नेमकी वर सुटली पाहिजे, म्हणजे छर्रा जाताना नळी उचलत नाही. पहिले दोन दुसऱ्या कुणालाही चालले असते. शेवटी रेड डॉट, म्हणजे नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी काच, वर बसवून त्यानं तिच्यातून भिंतीवरच्या खिळ्यावर नेम धरला. लाल ठिपका काही केल्या खिळ्यावर ठरेना. लेकीची फार आठवण येत होती, आणि शेडात दुसरं कुणी नव्हतं म्हणून त्यानं ते स्वतःशी कबूलही केलं.

आज रविवार. ठरल्याप्रमाणे ती पिस्तूल बघायला आली होती.

"मारा पाच," तो म्हणाला.

दहा मीटरवर पोत्याला कार्ड टाचलं होतं. राजेश्वरीनं हात उचलला. गेणबा कार्डाकडं बघत नव्हता, तिच्या अंगठ्याकडं बघत होता. अंगठा खाचेत अलगद बसला होता, तिथंच वाढल्यासारखा. पाच बारीक आवाज झाले. नळी जागची हलली नाही.

कार्ड आणायला तो स्वतः गेला. छर्रे पाच आणि भोक एकच, हरभऱ्याएवढं, बरोबर मधोमध. यापेक्षा चांगलं काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं.

पिस्तूल जमलं, म्हणजे काम संपलं. आता ती पेटी बंद करणार आणि बारामतीची एसटी पकडणार. जमलेल्या वस्तूचं गिऱ्हाईक परत कशाला येतंय? 'घरात चल' एवढंच म्हणायचं होतं. ते दोन शब्द ओठापर्यंत आले आणि नेहमीसारखे तिथंच अडकले.

तीस वर्षांत त्याच्या शेडातून गेलेली एकही वस्तू दुरुस्तीला परत आली नव्हती. माप चुकलं असं म्हणणाऱ्या इंदापूरच्या एका नेमबाजाला त्यानं भर दुपारी शेडाबाहेर काढलं होतं. राजेश्वरी तेव्हा बारा वर्षांची होती आणि तिथंच उभी होती.

गेणबानं कार्डाची घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात घातली.

"माप चुकलं," तो म्हणाला.

"काय?"

"माझ्याकडनं चुकलं. अंगठ्यापाशी टोचतंय तुला, दिसतंय मला. ठेव हितंच. पुढल्या आइतवारी ये."

एवढं बोलून तो फडकं घेऊन लेथ पुसायला लागला. लेथ सकाळीच पुसून झाला होता.

राजेश्वरीला कार्ड बघायची गरज नव्हती. पाचही छर्रे कुठं गेले ते तिला सुटतानाच कळलं होतं. तिनं तळवा उघडून बघितला. कुठं वळ नव्हता, लाली नव्हती. मग तिनं पिस्तूल टेबलावर ठेवलं, दुखल्यासारखा अंगठा चोळला आणि नाक ओढत म्हणाली,

"व्हय आबा, टोचतंय खरं. पर एका आइतवारात न्हाय व्हायचं हे काम."