सात नंबरला एक गुण

"सात नंबरला एक," पोस्टमननं आपली चिठ्ठी शिलाई मशीनवर ठेवली. "दहापैकी."

"अरे, गोल त्यानं मारलाय!" बेकरीवाला जवळजवळ ओरडलाच. "आपला एकुलता एक गोल!"

"मारला. मग पुढचा अर्धा तास काय दिवे लावले? एक."

कंडक्टरनं कपाळावर हात मारला. पीटीचे निवृत्त सर खिडकीबाहेर बघू लागले. कारण सात नंबर हा पोस्टमनचा सख्खा मुलगा होता.

दर रविवारी सामना संपला की हे चौघं शिंप्याच्या दुकानात जमायचे आणि शिंप्यासकट पाचही जण आपल्या संघातल्या अकराही खेळाडूंना चिठ्ठीवर गुण द्यायचे. घरी ज्यांना चहात साखर किती हवी तेही कुणी विचारत नव्हतं, ते इथं कप्तानाला चार देऊन मोकळे व्हायचे. मग शिंपी सरासरी काढून क्लबच्या फाटकावरच्या फळ्यावर लिहायचा. क्लबनं तर नियमच करून टाकला होता. लागोपाठ तीन सामन्यांत तळाला राहील, तो चौथ्या सामन्यात बाकावर.

पाच जणांच्या बेरजेत एकानं एक दिला की खड्डा पडणारच. सात नंबर दोन सामने तळाला होता. हा तिसरा. पुढच्या रविवारी फायनल.

"घरचा म्हणून इतकं सोलून काढायचं नसतं," शिंपी म्हणाला.

"बाकावर बसू दे की, मास्तर. घरी बसला तरी चालेल मला." पोस्टमननं चष्मा पुसला आणि कुणाकडे न बघता पायऱ्या उतरला.

शिंप्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ वर्षांपूर्वी या माणसाची बायको कपडे वाळत घालता घालता खाली बसली, ती उठलीच नाही. तेव्हा तेरा वर्षांचं ते पोर दोन वेळा शिंप्याकडेच जेवायचं, दुकानातल्या चिंध्यांचा चेंडू करायचं आणि शिव्या खायचं. शिंप्याला मूलबाळ नव्हतं. सगळ्यांच्या जर्सीवरचे आकडे तो एकेरी टाक्यानं शिवायचा, सात मात्र दुहेरी. आणि हा सख्खा बाप! मैदानावर यायचा तो चुका वेचायलाच. चेंडू कुठं आहे विचारलं तर सांगता यायचं नाही, नजर सगळा वेळ मुलावर. खेळ संपला की मुलाची पिशवी स्वतःच्या खांद्यावर टाकायचा आणि चोर पकडल्यासारखा त्याला आधी घरी सोडून मगच दुकानात यायचा.

संध्याकाळी मुलगाच दुकानात आला. जर्सीची बाही उसवली होती.

"फळा लिहिलात, काका?"

"नाही अजून."

तो स्टुलावर बसला. "बाबांनी एकच दिला ना?"

शिंपी सुईत दोरा ओवत राहिला.

"महिना झाला, घरात आम्ही एकमेकांशी बोलत नाही. जेवायला वाढतात, समोर बसतात, बस." त्यानं उसवलेली बाही बोटांनी चाचपली. "मला फायनल खेळायचीय, काका. तेवढी एकच. मग मी काही मागणार नाही."

बोलता बोलता त्याचे डोळे भरले. बावीस वर्षांचा दांडगा गडी, पण शिंप्याला ते तेरा वर्षांचं पोरच दिसलं.

"खेळशील," तो म्हणाला. "जा, झोप काढ."

मुलगा गेल्यावर शिंप्यानं पोस्टमनची चिठ्ठी समोर ओढली. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाचं वीतभर कापड त्यानं कधी मारलं नव्हतं, त्यामुळे पेन उचलण्याआधी त्यानं दुकानाचं दार लोटून घेतलं. पण एकाला एक आकडी जोडली आणि नऊ झाले. नव्यानं बेरीज केली, तर सात नंबर वरून तिसरा आला.

सोमवारी सकाळी पोस्टमन फळ्यासमोर उभा होता. दुकानाच्या दारातून शिंप्याला तो दिसत होता. पुन्हा पुन्हा वाचून झाल्यावर पोस्टमन पाठ फिरवून चालू लागला. आठवडाभर तो दुकानाकडे फिरकला नाही. बरी जिरली, असं शिंप्याला वाटलं.

फायनलला दोघं शेजारी बसले. पोस्टमनचा चेहरा उतरला होता. त्याला पाणी दिलं, तेही त्यानं हातातच धरून ठेवलं. सत्तर मिनिटं झाली तरी गोल नव्हता, पण सात नंबर असा खेळत होता की माणसं खुर्चीवर टेकायला तयार नव्हती. शिंप्याची छाती अभिमानानं भरून आली. इतकं सुख एकट्यानं पोटात ठेवणं त्याला जमेना.

"एक सांगतो, रागावू नकोस," तो पोस्टमनच्या कानाशी वाकला. "तुझ्या एकाचे नऊ मी केले. बाप असून तू त्याला बसवायला निघालास, ते मला बघवेना."

पोस्टमननं मान वळवली नाही. तेवढ्यात मैदानाच्या मध्यावर मुलाच्या पायात चेंडू आला. समोर एकच बचावपटू उरला होता. लोक ओरडू लागले. "पळ! पळ!" शिंपीही घसा फोडून ओरडला, "पळ रे माझ्या राजा!"

पोस्टमननं त्याचं मनगट पकडलं. त्याची बोटं गार पडली होती.

"त्याचं हृदय आईवर गेलंय, मास्तर," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, धावताना कधीही बंद पडेल. कुणाला सांगायचं नाही म्हणून पोरानं मला तिची शपथ घातलीय. मला फक्त गुण देता येत होते."